विश्वास आधी, पराक्रम नंतर

जुन्या कागदांची दुरुस्ती करणं हा माझा व्यवसाय. पुण्यातल्या माझ्या खोलीत पोथ्या येतात, मोडी दप्तरं येतात, जमिनींचे दस्त, वाड्यांचे नकाशे, कुणाच्या आजीची पत्रं येतात. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणपट्टीतून जे येतं त्यात मात्र फौजेचे कागद हमखास असतात. पत्र्याची काळी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. आत डिस्चार्ज बुक, पदकांच्या डब्या, पलटणीचा ग्रुप फोटो, आणि अगदी तळाशी घडी घातलेला एक जाड कागद. पदकं कशाची आहेत हे घरच्यांना ठाऊक असतं. त्या जाड कागदाबद्दल विचारलं की म्हणतात, "असेल कसलं तरी सर्टिफिकेट."

उलगडून पाहिलं तर बऱ्याचदा ते कमिशन निघतं, म्हणजे फौजेत अधिकारी नेमल्याची सनद. फौजी माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्या कागदांत मला हा कागद सर्वांत मोलाचा वाटतो. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

झालेल्या गोष्टींचे कागद आणि व्हायच्या गोष्टींचा कागद

प्रशस्तिपत्र, मानपत्र, पदकासोबतचं सायटेशन हे सगळे कागद झालेल्या कामाबद्दल असतात. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी या माणसाने असा पराक्रम केला, म्हणून हा गौरव. कमिशनचं तसं नाही. ते हातात पडतं तेव्हा तो तरुण विशी-बाविशीचा असतो. लढाई त्याने पाहिलेली नसते, एकाही जवानाचा जीव त्याच्या हुकमावर अवलंबून राहिलेला नसतो. अशा माणसाला देशाचा प्रमुख लिहून देतो की तुमच्या निष्ठेवर, धैर्यावर आणि सद्वर्तनावर आमचा विशेष विश्वास आहे, म्हणून आम्ही तुम्हाला अधिकारी नेमत आहोत. पुढे कर्तव्यं येतात. हाताखालच्या लोकांना शिकवा, शिस्तीत ठेवा, वरिष्ठांचे हुकूम पाळा. आणि त्याच कागदात हाताखालच्यांनाही सांगितलेलं असतं की यांचं ऐका.

इंग्लंडच्या राजाच्या नावाने निघणाऱ्या कमिशनचा गाभा हाच होता, आणि आज राष्ट्रपतींच्या नावाने निघणाऱ्या कमिशनचाही हाच आहे. विश्वास आधी टाकलेला असतो. त्याला लायक ठरण्यासाठी पुढची सगळी नोकरी असते. म्हणून एखाद्या अधिकाऱ्याची कारकीर्द समजून घ्यायची तर त्याची पदकं आणि हा पहिला कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

आपल्या सनदा

ही रीत आपल्याकडे इंग्रजांनी आणली असं मानण्याचं कारण नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड छापले गेले. त्या दप्तरातले सरदारांच्या नेमणुकांचे आणि सरंजामांचे कागद पाहिले की लक्षात येतं, मराठी राज्यातही लष्करी मान कागदावर उतरत होता आणि त्या मानासोबत बांधिलकीही उतरत होती.

आंग्र्यांचं 'सरखेल', नागपूरकर भोसल्यांचं 'सेनासाहेबसुभा', दाभाड्यांचं आणि पुढे गायकवाडांचं 'सेनाखासखेल' हे किताब आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. सरदाराला सरंजाम म्हणून एखाद्या मुलखाचा महसूल लावून दिला जाई तो फौज बाळगण्यासाठी. ठरलेले स्वार ठेवायचे, बोलावणं आलं की हजर व्हायचं. सन्मान आणि जबाबदारी एकाच कागदावर. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब असते. तिच्यापुढे कुणी एक अक्षरही वाढवू शकत नसे. कागद खरा की खोटा हे ओळखण्याची ती सोय होती.

असा कागद हरवण्याची किंमत आपल्या पूर्वजांनी मोजलेली आहे. इंग्रज सरकारने 1852 चा कायदा करून मुंबई इलाख्यात इनाम कमिशन या चौकशी मंडळाला अधिकार दिले, आणि पिढ्यान्‌पिढ्या उपभोगलेल्या इनामांचे पुरावे मागितले. सनद दाखवता आली नाही म्हणून कितीतरी घराण्यांची इनामं गेली. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या घराण्यांतली माणसं कागदाला इतकी जपतात, त्यामागे ही आठवण आहे.

सही कुणाची, अधिकार कुणावर

इंग्लंडच्या पायदळात आणि घोडदळात 1871 पर्यंत कमिशन विकत घेता येत असे. पायदळातल्या सर्वांत खालच्या अधिकारीपदाची सरकारी किंमत 450 पौंड, लेफ्टनंट कर्नलच्या पदाची 4,500 पौंड. तोफखान्यात आणि इंजिनिअर दलात मात्र ही खरेदी चालत नसे, कारण तिथे गणित आणि शिक्षण लागे. त्या काळी बढती मिळाली की नव्या हुद्द्याचं नवं कमिशन निघे, म्हणून एकाच अधिकाऱ्याच्या घरी तीन-चार कमिशनं सापडतात. प्रत्येकावर राणीची स्वतःची सही लागे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात सह्यांसाठी थांबलेल्या कमिशनांचा ढीग इतका वाढला की 1862 मध्ये खास कायदा करून राणीच्या सहीशिवायही कमिशन देण्याची सोय करावी लागली.

हिंदी माणसासाठी हा दरवाजा फार उशिरा उघडला. जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर या हुद्द्यांवरच्या हिंदी अधिकाऱ्यांना व्हाइसरॉयचं कमिशन असे. वीस-पंचवीस वर्षं पलटणीत काढलेला सुभेदार मेजर कालच विलायतेहून आलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या हाताखाली असे, कारण त्या पोराच्या कागदावर राजाचं नाव होतं. दीर्घ आणि निष्ठावान सेवेसाठी अशा हिंदी अधिकाऱ्यांना 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' मिळे. पहिल्या वर्गाला 'सरदार बहादूर', दुसऱ्या वर्गाला 'बहादूर'. गावाकडच्या घरांवर अजूनही दिसणाऱ्या काही 'सरदार बहादूर' पाट्यांचं मूळ तिथे आहे.

1917 साली नऊ हिंदी अधिकाऱ्यांना राजाचं कमिशन मिळालं, आणि त्यानंतर दर वर्षी मोजक्या हिंदी मुलांना इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला जागा मिळू लागल्या. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात त्याच वाटेने 1926 मध्ये अधिकारी झाले. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगावच्या लढाईत त्यांनी, तसंच थिमय्या आणि एल. पी. सेन या हिंदी अधिकाऱ्यांनी एकाच ब्रिगेडमध्ये आपापल्या पलटणींचं नेतृत्व केलं आणि तिघांनाही डी.एस.ओ. हा लष्करी सन्मान मिळाला. हिंदी अधिकाऱ्याला मोठ्या लढाईत पलटण सांभाळता येणार नाही, असं म्हणणाऱ्यांना तिथे उत्तर मिळालं.

डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी 1932 मध्ये सुरू झाली. सॅम माणेकशॉ तिच्या पहिल्या तुकडीतले. पण तिथून बाहेर पडणाऱ्यांचं कमिशन सँडहर्स्टवाल्यांहून वेगळं होतं. त्यांचा अधिकार हिंदी फौजेपुरता होता. दुसऱ्या महायुद्धात अधिकारी कमी पडू लागले, तेव्हा बेळगाव, महू, बंगळूर इथल्या शाळांतून आणीबाणीची कमिशनं दिली गेली, आणि काही शेकड्यांत असलेली हिंदी अधिकाऱ्यांची संख्या हजारोंवर गेली. त्यामुळे जुनं कमिशन टेबलावर आलं की मी आधी साल पाहते, मग कुणाच्या नावाने दिलंय ते पाहते. तेवढ्यावरून त्या माणसाला किती मान होता आणि किती नाकारला गेला होता, दोन्ही कळतं.

राम राघोबा राणे यांची शिडी

या सगळ्या पायऱ्या एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या असतील तर राम राघोबा राणे यांच्याकडे पाहावं. कारवारजवळच्या चेंडिये गावचे राणे जुलै 1940 मध्ये साधे शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. पुण्याजवळच्या खडकीचं हे इंजिनिअर दल. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बुथिडाँगजवळ शत्रूच्या हाती पडू नये असं सामान नष्ट करायला त्यांना मोजक्या साथीदारांसह मागे ठेवलं होतं. काम करून, जपानी गस्तीच्या हातावर तुरी देऊन ते आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाले आणि हवालदार झाले. पुढे जमादार झाले. आणि 15 डिसेंबर 1947 या तारखेने त्यांना सेकंड लेफ्टनंटचं कमिशन मिळालं.

ही तारीख नीट पाहावी. देश स्वतंत्र झाला होता, पण प्रजासत्ताक व्हायला अजून दोन वर्षं होती. घटनेच्या दृष्टीने राष्ट्रप्रमुख अजून इंग्लंडचा राजाच होता. शिपायाने सुरुवात केलेल्या तिशीच्या आतल्या एका कोकणी माणसावर त्या संधिकाळात अधिकारीपदाचा विश्वास टाकला गेला.

चार महिनेही झाले नाहीत तोच काश्मीरच्या युद्धात त्या विश्वासाची परीक्षा आली. 8 एप्रिल 1948 ला नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या डोगरा पलटणीने बरवालीची डोंगरधार घेतली. पुढचा रस्ता सुरुंगांनी आणि झाडं पाडून केलेल्या अडथळ्यांनी बंद होता, रणगाडे जाईनात. राणे आपल्या सॅपर्सना घेऊन सुरुंग काढायला लागले, तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जण गेले, राणे यांच्यासह पाच जखमी झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी काम पुन्हा हाती घेतलं. पुढचे तीन दिवस, गोळीबाराखाली, कधी रणगाड्याच्या आडोशाने सरकत, ते सुरुंग काढत आणि रस्ता करत राहिले. 11 एप्रिलला रणगाडे चिंगसच्या पुढे सरकले, 12 ला राजौरी हाती आली. तिथल्या लोकांवर चाललेले अत्याचार थांबवायला तो रस्ता वेळेवर उघडणं भाग होतं.

परमवीर चक्र हे पदक तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. ते 26 जानेवारी 1950 ला स्थापन झालं, पण 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरलं गेलं, म्हणून राणे यांचा पराक्रम त्यात बसला. त्या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्माने युरोपीय, लग्नाने खानोलकरांच्या मराठी घरातल्या. राणे 1968 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. सेवेत पाच वेळा त्यांचं नाव युद्धवृत्तात आलं, म्हणजे सेनापतीने वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात त्यांचा नावानिशी उल्लेख झाला. 1994 मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांच्या परमवीर चक्राबद्दल लिहिलं जातं, लिहिलं जायलाच हवं. मला मात्र त्याआधीच्या डिसेंबरातल्या कागदाबद्दलही तितकाच आदर आहे. ज्याने तो कागद द्यायचं ठरवलं त्याने माणूस बरोबर ओळखला होता.

कागद कसा वाचावा

घरात असा कागद असेल तर तीन गोष्टी पाहा.

पहिली तारीख. फौजेच्या कागदांवर अनेकदा दोन-तीन तारखा असतात: घटना घडली ती, नेमणूक किंवा सन्मान लागू झाला ती, आणि कागद निघाला किंवा गॅझेटात छापून आला ती. यांत महिन्यांचं, कधी वर्षांचं अंतर असतं. घरातल्या गोष्टीत आणि कागदात मेळ बसत नाही असं वाटतं तेव्हा बहुधा एवढंच झालेलं असतं. ज्येष्ठता लागू झालेल्या तारखेवर ठरते, म्हणून ती तारीख सगळ्यांत महत्त्वाची.

दुसरी सही. पहिल्या महायुद्धात युद्धवृत्तात उल्लेख झालेल्यांना युद्ध संपल्यावर एक छापील प्रमाणपत्र मिळालं. त्यावर तेव्हाचे युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांची सही असते. ती छापलेली आहे. हे सांगितलं की लोकांचा चेहरा उतरतो. मी त्यांना सांगते, त्या कागदावर हाताने लिहिलेली जागा पाहा. सगळा मजकूर आणि सही यंत्रातून निघाली, पण तुमच्या पणजोबांचा हुद्दा आणि नाव कुणीतरी बसून भरलेलं आहे. तो भाग दुसऱ्या कुणाच्याही कागदावर नाही.

तिसरी गोष्ट, हा कागद एकटा नसतो. कमिशन किंवा शौर्यपदक मिळालं की सरकारी राजपत्रात नोंद होते. इंग्रजी अमदानीतल्या अनेक नोंदी 'लंडन गॅझेट'मध्ये आहेत आणि त्या आता घरबसल्या शोधता येतात. सेवेचा तपशील त्या त्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसात असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. चौकशी करताना नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण हे चारही हाताशी असू द्या. नावं सारखी असतात, एकाच पलटणीत नंबर सारखा नसतो.

जपायचं कसं

माझ्याकडे येणाऱ्या कागदांचं सर्वांत जास्त नुकसान वाळवीने नाही, प्रेमाने केलेलं असतं. आजोबांचा कागद टिकावा म्हणून मुलं तो लॅमिनेट करतात. गरम प्लास्टिकमध्ये एकदा कागद अडकला की तो सुखरूप सोडवणं जवळजवळ अशक्य. फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावतात. काही वर्षांत टेप गळून पडते, पण तिचा पिवळा डिंक कागदात मुरलेला राहतो. फ्रेमवाला मागे प्लायवूड किंवा साधा पुठ्ठा लावतो, त्यातलं आम्ल हळूहळू कागदात उतरतं. मग ती फ्रेम हॉलमध्ये खिडकीसमोर लागते, आणि शाई उन्हाने उडत जाते. पावसाळ्यात ओलसर भिंतीवर मागून बुरशी चढते ती वेगळीच.

दुरुस्ती सावकाशीची असते. मऊ ब्रशने धूळ काढायची. शाई पाण्याने विरघळते का ते एका कोपऱ्यात तपासायचं. घड्या ओलाव्याच्या वाफेने सैल करून वजनाखाली सपाट करायच्या. फाटलेल्या जागी मागून जपानी टिशूची पट्टी गव्हाच्या खळीने बसवायची. ती पुढे कधी काढावी लागली तर कागदाला न दुखवता निघते. जुनी कमिशनं चर्मपत्रावर असतात, त्यांना तर पाण्याचा थेंबही लावायचा नाही. ती आक्रसतात आणि अक्षरं वाकतात.

घरी एवढं करा. मूळ कागदाचा चांगला स्कॅन काढा, त्याची प्रत फ्रेम करून भिंतीवर लावा. मूळ कागद आम्लविरहित फोल्डरमध्ये सपाट ठेवा, गुंडाळी नको. पोटमाळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. आणि त्यावर पेनने काहीही लिहू नका. आठवणी वेगळ्या पानावर लिहून सोबत ठेवा: हे कोण, कुठल्या पलटणीत, हा कागद कुठे मिळाला, ही गोष्ट कुणी सांगितली.

शेवटी मिळणारं कमिशन

आपल्या गावागावांत 'ऑनररी कॅप्टन' असतात. सुभेदार, सुभेदार मेजर म्हणून आयुष्य काढलेल्या निवडक लोकांना प्रजासत्ताकदिनी किंवा स्वातंत्र्यदिनी मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टनचं कमिशन दिलं जातं. सियाचीनचे परमवीर बाणा सिंग असेच मानद कॅप्टन झाले. इथे क्रम उलटतो. सगळी नोकरी आधी झालेली असते आणि कमिशन शेवटी येतं.

कराडकडचे असे एक मानद कॅप्टन आपला कागद घेऊन स्वतः आले होते. घडीवर फाटला होता. मी तो टेबलावर पसरला तेव्हा म्हणाले, "पोरी, मेडलं समद्यांनी बघितली. ह्यात काय लिवलंय ते अजून कुणी इचारलं न्हाई." मी त्यांना मजकूर मराठीत सांगितला. विश्वास, निष्ठा, धैर्य, हाताखालच्यांची जबाबदारी. ते म्हणाले, "हे तर शिपाई असल्यापासनं करतोय." मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. त्यांच्या बाबतीत देशाने तो विश्वास कागदावर लिहायला तीस वर्षं घेतली, त्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून तो पाळला होता.

हा कागद कुणाला मिळावा, यावरचा झगडा आपल्या डोळ्यांसमोरही चालू होता. वैद्यकीय सेवा सोडल्यास 1992 पासून स्त्रिया सैन्यात अधिकारी होऊ लागल्या, पण मर्यादित मुदतीच्या कमिशनवर. बहुतेक शाखांत त्यांना पुरुषांसारखं कायम कमिशन नाकारलं जाई. 17 फेब्रुवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो भेद मोडून काढला. 2022 मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली दाखल झाल्या आणि मे 2025 मध्ये त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. ज्या विश्वासासाठी आधी हिंदी माणसाला आणि मग स्त्रीला इतकी वाट पाहावी लागली, त्याला नुसतं सर्टिफिकेट कसं म्हणायचं?

म्हणून माझं एक कळकळीचं सांगणं आहे. घरात फौजेची ट्रंक असेल तर या रविवारी ती उघडा आणि तळाचा कागद घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मुलांना पदकाची गोष्ट जरूर सांगा. पण तिच्याआधी हेही सांगा की आपल्या माणसावर कुणीतरी लेखी विश्वास टाकला होता, आणि त्याने तो आयुष्यभर निभावला. दुरुस्ती माझ्यासारखी कुणीही करून देईल. ही गोष्ट मात्र घरच्यांनीच सांगायची असते.